तेरावी जुडी

काचेच्या वॉर्डात काहीही आत जायचं, तर ते आधी बाईंच्या हातून जावं लागे. खेळणं असो, उशी असो, नाहीतर कुणाच्या आजीनं विणलेली टोपी असो. बाई हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत जंतू आणि बुरशी यांचं काम बघायच्या. वरच्या मजल्यावरच्या त्या वॉर्डात रक्ताच्या कॅन्सरची मुलं होती, चार खोल्यांत चार. औषधांनी त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या कमी झालेल्या असत, की आपल्याला जिच्यानं साधी शिंकही येणार नाही अशी बुरशी त्यांच्या फुप्फुसात घर करायची, आणि मग डॉक्टरांच्याही हातात फारसं काही उरायचं नाही. म्हणून आतली हवा गाळून सोडलेली, आईबाप काचेच्या बाहेर, बोलणं काचेशेजारी टांगलेल्या फोनवरून, आणि वस्तू जायच्या त्या भिंतीतल्या दुहेरी दारांच्या पेटीतून.

आठवड्यातून एकदा बाई डोक्यापासून पायापर्यंत स्वतःला गुंडाळून आत जायच्या आणि प्रत्येक खोलीत जंतू वाढवायच्या जेलीची एक उघडी बशी तासभर ठेवायच्या. हवेतलं काही तिच्यात पडलं, तर चार-पाच दिवसांत उगवून दिसायचं. बाकीची मुलं त्या बशीकडे नुसती संशयानं बघायची. वकील तेवढी सरळ विचारायची.

वकील अकरा वर्षांची होती. नाव सिस्टरनं ठेवलेलं. सुई टोचायच्या आधी ती कारण विचारायची, आणि आजचं कारण मागच्या कारणाशी जुळलं नाही तर हात पुढे करायची नाही.

"यात काही उगवलं तर?"

"तर ते कुठून आलं हे मी शोधीन."

"आणि माझं काय?"

"तुला दुसऱ्या खोलीत हलवू."

"म्हणजे गुन्हा बुरशीचा आणि तडीपार मी."

बाईंना हसू आलं, पण तोंडावर मास्क होता, त्यामुळे ते कुणाला दिसलं नाही. त्या दिवशी बशी उचलताना वकील म्हणाली, "वाचायला काहीतरी द्या ना. शांपूच्या बाटलीवरचं पाठ झालंय माझं." वॉर्डात पुसता येणारी जाड प्लॅस्टिकची पुस्तकं होती. त्यांतलं एक तिनं उचलून दाखवलं. "हे बदक रोज तळ्यावर जातं. माझं वय बघा, मावशी." मोबाइलवर खेळ होते, पण औषध चालू असताना चमकत्या पडद्याकडे बघितलं की तिला उलटी व्हायची.

बाईंनी हे घरी वडिलांना सांगितलं. घरात दोघंच. अण्णांनी चाळीस वर्षं शाळेत भाषा शिकवली होती आणि आता त्यांच्या खोलीत एक पलंग आणि पुस्तकांची दोन कपाटं होती. आजकालची मुलं जुनं काही वाचत नाहीत असं कुणी म्हणालं, की त्यांना राग यायचा. "मुलं वाचतील. आपणच पुस्तक औषधासारखं देतो, नाक दाबून." त्यांची स्वतःची रीत ठरलेली होती. वर्गात एखादी जुनी कादंबरी मोठ्यानं वाचत न्यायची, आणि ऐन वेळी, दार उघडणार किंवा पत्र फोडणार अशा ठिकाणी पुस्तक मिटून टेबलावर ठेवायचं आणि निघून जायचं. दुसऱ्या दिवशी त्या पुस्तकासाठी वर्गात ढकलाढकली. पुढे काय होतं हे त्यांनी कधी, कुणालाही, कितीही गयावया केली तरी सांगितलं नव्हतं. "गोष्ट सांगायची नाही. सांगितली की संपली. वाचायला लावायची."

त्यांनी कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं. शंभर वर्षांपूर्वीचं, पुठ्ठ्याच्या कडा कुरतडलेल्या. दीपगृह सांभाळणाऱ्या माणसाच्या मुलीची गोष्ट. बाप होडी घेऊन जातो आणि परत येत नाही. ही बातमी बाहेर गेली तर घर आणि काम दोन्ही जाईल, म्हणून मुलगी ती दडवते, रोज रात्री एकटीनं दिवा लावते, रोज सकाळी वहीत बापाच्या अक्षरात नोंद करते. असे चाळीस दिवस. बाईंनी ती तेराव्या वर्षी वाचली होती, अर्थात ऐन वेळी मिटलेल्या पुस्तकापासून सुरू करून.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तकाच्या कण्यावरून ओला बोळा फिरवून तो बशीवर टेकवला. पाचव्या दिवशी बशीत काळं, हिरवं, पिवळं असं रान माजलं होतं.

"अण्णा, हे पुस्तक नाही, शेत आहे."

"मग कापणीला घे," अण्णा म्हणाले.

झेरॉक्स काढून बघितली होती, पण पिवळ्या पानांवरची पुसट छपाई माश्या बसल्यासारखी येत होती. तेव्हा मार्ग निघाला तो असा. बुरशी मुख्यतः कण्यातल्या डिंकात आणि कापडात असते, म्हणून तो भाग कापून टाकायचा. उरली सोळा-सोळा पानांची एकेक जुडी. ती ओव्हनमध्ये एकशे पाच अंशांवर सहा तास ठेवायची, मग तिच्यावर बोळा फिरवून बशी लावायची, आणि पाच दिवस बशी कोरी राहिली तरच जुडी सीलबंद पाकिटातून वर न्यायची. कापायचं काम अण्णांनी स्वतःकडे घेतलं. ब्लेड पहिल्यांदा चालवताना त्यांनी चष्मा काढून ठेवला होता. जवळचं त्यांना चष्म्याशिवाय दिसत नसे.

पहिली जुडी त्यांनी बाजूला ठेवली. "यात नुसता समुद्र आहे. समुद्र नंतर वाचतील. आधी बुडू दे."

ओव्हनमध्ये एका वेळी तीन जुड्या सहज मावल्या असत्या. बाईंनी तसं म्हणूनही बघितलं. अण्णांनी मान हलवली. "एका वेळी एक. आठवडाभर वाट बघू दे. वाट बघण्यातच वाचन असतं निम्मं." चाळीस वर्षांचा अनुभव बोलत होता. बाईंनी ऐकलं.

पहिल्या शुक्रवारी पाकीट उघडून वकिलानं जुडी नाकाला लावली. "भाजलंय हे." त्या दिवसापासून बाईंचं नाव भट्टीमावशी पडलं. आठवडाभरानं तिचं मत आलं: "वाक्य सुरू होतं तेव्हा सकाळ असते आणि संपतं तेव्हा माणूस म्हातारा झालेला असतो." पण सोळा पानं संपवली होती. तिसऱ्या जुडीपासून ती न कळलेले शब्द कागदावर मोठ्या अक्षरात लिहून काचेला आतून चिकटवू लागली, आणि येणारा-जाणारा ज्याला ठाऊक असेल त्यानं फोन उचलून अर्थ सांगायचा. झाडूवाल्या मामांनी एकदा दोन शब्द सांगितले होते. त्यांतला एक बरोबर होता.

सहाव्या जुडीनंतर तिनं तक्रार दाखल केली. "पान बावन्नवर तेलाचे तीन डबे आहेत. एका रात्रीला किती लागतं ते पान साठवर दिलंय. मी हिशेब केला. बाविसाव्या दिवशी तेल संपतं. मग चाळीस दिवस दिवा कसा जळतो?"

"पुढे वाच."

"म्हणजे लेखकाला माहितीये?"

"पुढे वाच म्हटलं ना."

आठव्या जुडीत मुलगी माशांचं तेल काढून दिव्यात घालायला शिकते. वकिलानं काचेला कागद लावला: तक्रार मागे.

तिची वाचून झालेली जुडी परत ओव्हनमध्ये जायची, परत बशी लागायची आणि मग शेजारच्या खोलीतल्या भोपळ्याला मिळायची. भोपळा नऊ वर्षांची. औषधानं तिचा चेहरा सुजून गोल झाला होता आणि डोक्यावर केस नव्हते, म्हणून हे नाव, आणि ते तिनं स्वतःच घेतलेलं. उरलेली दोन मुलं अक्षरं गिरवायच्या वयाची होती. भोपळा नेहमी मागे असायची आणि खोल्याखोल्यांना जोडलेल्या फोनवरून सगळ्यांना छळायची. "वकील, सांग ना पुढचं." वकील म्हणायची, "मावशी मला सांगत नाहीत, मी तुला फुकट कशी सांगू?"

सिस्टरला हे सगळं फार आवडलं होतं. "मॅडम, तुम्हाला सांगते, शुक्रवारी तिचा ताप उतरलेला असतो. बघा तुम्ही." बाईंनी तिचा तापाचा तक्ता मागवून तीन महिन्यांचे आकडे बघितले. तसं काही नव्हतं. शुक्रवार इतर वारांसारखाच होता. तरी त्यांनी ते सिस्टरला सांगितलं नाही.

अण्णांना त्या रोज संध्याकाळी वॉर्डातलं सांगायच्या, आणि वॉर्डात अण्णांचं. एकदा ते दहावी जुडी कापत होते. ब्लेड थांबवून म्हणाले, "एक लक्षात ठेव, पोरी. ज्याचं पान उलटायचं बाकी आहे, ते मूल कुठे जात नाही." हे वर्गाबद्दल म्हटल्यासारखं म्हटलं होतं, पण दोघांनाही कळलं की ते वर्गाबद्दल नव्हतं. बाईंनी आयुष्यभर पुराव्याशिवाय एक ओळ लिहिली नव्हती. हे वाक्य त्यांनी कुठल्याही बशीवर न तपासता आत जाऊ दिलं.

बारावी जुडी एका जिन्यावर संपते. तपासनीस बेटावर उतरलाय. दीपगृहाच्या एकशे सतरा पायऱ्या तो एकेक करून चढतोय, मुलगी वर दिव्याच्या खोलीत उभी आहे, हातात वही. तो दारात येतो, टोपी काढतो, धाप लागलेली. विचारतो, तुझे वडील कुठे आहेत? पान संपतं.

त्या आठवड्यात वकिलाच्या रक्ताचा रिपोर्ट आला. औषधाचा दुसरा हप्ताही लागू पडला नव्हता. डॉक्टर तिच्या आईला बाजूच्या खोलीत घेऊन गेले. आई गणवेश शिवण्याच्या कारखान्यात कामाला होती. रोज सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी दोन तास ती काचेबाहेरच्या स्टुलावर बसायची. खोलीतून बाहेर आल्यावर ती परत त्याच स्टुलावर बसली आणि फोन उचलून मुलीला म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, औषध बदलू."

"कशानं बदलू? दुसरं आहे का?" वकिलानं विचारलं.

आईनं बाईंकडे बघितलं. बाई पेटीत पाकीट ठेवायला आल्या होत्या. त्यांनी पाकीट ठेवलं आणि पेटीचं दार लावलं.

पुढच्या गुरुवारी तेराव्या जुडीच्या बशीत एक ठिपका होता. चण्याएवढा, निळसर हिरवा, कडा पांढरी. बाईंनी त्याचा कण सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. तीच बुरशी, जिला त्या या वॉर्डात सगळ्यात जास्त घाबरत होत्या. बहुधा शिलाईच्या दोऱ्याचा तुकडा आत राहिला असावा. नियम साधा होता आणि त्यांनीच घालून दिलेला होता. जुडीची कड परत कापायची, परत भाजायची, परत बशी. आणखी एक आठवडा.

शुक्रवारी त्या रिकाम्या हातानं वर गेल्या. वकील उशीला टेकून होती. बोटांची नखं निळसर झाली होती. तिनं फोन उचलला.

"आज शुक्रवार आहे."

"माहितीये. एक ठिपका आलाय बशीत."

"केवढा?"

"चण्याएवढा."

"मग तेवढा कापून टाका आणि बाकीचं द्या."

"तसं होत नाही, वकीलसाहेब. तुम्हाला माहितीये."

"म्हणजे पुढची तारीख." ती थोडा वेळ श्वास घेत राहिली. "बरं, मग सांगा. तो विचारतो वडील कुठे आहेत. ती काय म्हणते?"

"पुढच्या शुक्रवारी वाचशीलच ना."

"फोनवरून बुरशी येते का?"

बाई हसल्या. या वेळी तोंडावर मास्क नव्हता आणि मुलीनं ते हसू बघितलं. तिला वाटलं आता सांगतील. ती थोडी उठून बसली. बाईंच्या मनात पूर्ण वाक्य तयार होतं. पुस्तकातलं ते उत्तर त्यांना चाळीस वर्षांनीही शब्दन्‌शब्द पाठ होतं. आणि ते त्यांनी गिळलं. कारण ते सांगितलं तर तिच्याजवळ पुढचा शुक्रवार कशासाठी राहील, असा काहीसा विचार, तोही पूर्ण न केलेला.

"वाचण्यात जी मजा आहे ती सांगण्यात नाही," त्या म्हणाल्या.

"हे तुमच्या अण्णांचं वाक्य आहे," वकील म्हणाली आणि फोन ठेवून दिला. रागावून नाही. तिचा हात दमला होता.

सोमवारी ताप चढला. मंगळवारी तिला खालच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात हलवलं. आता काच नव्हती, आईला आत जाऊ देत होते, आणि आईला आत जाऊ देतात याचा अर्थ काय ते वॉर्डातल्या सगळ्यांना कळत होतं. बुधवारी दुपारी तीनच्या सुमाराला ती गेली. फुप्फुसात बुरशी नव्हती, बाईंनी नमुने स्वतः तपासले. रक्तात साधे जंतू होते, तिच्या स्वतःच्याच आतड्यातून आलेले. बाहेरून काहीही आलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी तेराव्या जुडीची दुसरी बशी कोरी निघाली. बाईंनी ती उजेडात धरली, तिरकी करून बघितली, भिंगाखाली बघितली. मग नोंदवहीत लिहिलं: वाढ नाही. आत नेण्यास योग्य. सही केली. त्या दिवशी त्यांनी पहिल्यापासून सगळी कामं मनात परत एकदा करून बघितली. कापणं, भाजणं, बोळा, बशी, तापमान, दिवस. कुठे चूक नव्हती. जुडी अडवून धरली ते बरोबरच होतं. चूक होती ती अशा जागी, जिच्यासाठी नोंदवहीत रकाना नव्हता.

घरी अण्णांनी विचारलं नाही. सिस्टरचा फोन घरी आला होता, तेव्हाच त्यांना कळलं होतं. टेबलावर पुस्तकाच्या उरलेल्या जुड्या, ब्लेड आणि चष्मा होता.

"तिनं मला विचारलं होतं," बाई म्हणाल्या. "शुक्रवारी. मी सांगितलं नाही."

"मग बरोबर केलंस. तू सांगितलं असतंस तर तिनं..." अण्णा थांबले. मग सवयीनं पुढे म्हणाले, "चाळीस वर्षं मी हेच केलं. शेवट कळला नाही म्हणून माझ्याकडचं एकही मूल..."

"तुमच्या वर्गात मुलं सोमवारी परत यायची, अण्णा."

अण्णांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि परत काढला. मग ते म्हणाले, "मला कुणी तरी आधी हे म्हणायला हवं होतं." आणि थोड्या वेळानं, "तू म्हणायला हवं होतंस. तुला आकडे कळतात."

ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं. बाईंनी जेवण वाढलं. दोघांनी ते खाल्लं.

दहाव्या दिवशी वकिलाची आई प्रयोगशाळेच्या दारात आली. हॉस्पिटलमध्ये कसले कागद घ्यायला आली होती, ते हातातच होते. आत येऊ का, असंही तिनं विचारलं नाही. उंबऱ्याशी उभी राहिली, म्हणून बाईच उठून गेल्या आणि तिला स्टूल दिलं.

"ताई, ते पुस्तक तुमच्याकडं आहे ना?"

"आहे."

"मला सलग वाचता येत नाही. अक्षरं जुळवून जुळवून येतं. म्हणून विचारते." तिनं कागदांची गुंडाळी केली, परत सरळ केली. "मंगळवारी मला आत जाऊ दिलं तेव्हा ती म्हणाली, आई, मावशींना विचारून ये, तो माणूस जिना चढून आला, पुढं काय झालं. तुम्ही घरी गेला होता. मग मीच सांगितलं."

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, तेवढ्यात तिचा बाप परत आला. त्याच जिन्यानं. मागनं चढून आला आणि म्हणाला, मी हा काय. आणि सगळे खूश झाले." आई हसल्यासारखी झाली. "मला वाटलं, बरं वाटेल पोरीला. तर काय म्हणाली माहितीये? म्हणाली, तू बनवतेस. होडी एक, वादळ सहा दिवस, तो परत येत नाही. या पुस्तकात असं काही स्वस्तात होत नाही. मी म्हटलं, अगं होतं कधी कधी. तर म्हणाली, गप्प बस, तू वाचलेलं नाहीस." तिचे हात थांबले. "मग तिला नळी घातली. त्यानंतर बोलता आलं नाही तिला. म्हणजे आमचं शेवटचं बोलणं ते. त्यावरून झालेलं भांडण."

ओव्हनचा पंखा फिरत होता. बाईंनी जाऊन तो बंद केला.

"आता मला खरं काय ते सांगा," आई म्हणाली. "म्हणजे कळेल तरी, मी किती चुकले."

बाईंना क्षणभर वाटलं, की या बाईला हवं ते द्यावं. बाप परत येतो म्हणावं. पण समोरची बाई तेच तपासायला आली होती आणि तिची मुलगी तिच्याआधी तपासून गेली होती. बाईंनी मग सांगितलं, हळूहळू, पुस्तकात आहे तसं. मुलगी म्हणते, वडील कुठे आहेत ते मला माहीत नाही, पण दिवा इथे आहे. तपासनीस वही मागतो. चाळीस दिवसांची पानं उलटतो. म्हणतो, अक्षर तुझ्या वडिलांपेक्षा बरं आहे. आणि प्रत्येक पानावर सही करतो. पण नवा माणूस येणार हे तो बदलू शकत नाही, आणि मुलीला बेट सोडावं लागतं. बाप येत नाही. शेवटपर्यंत येत नाही.

आईनं सगळं ऐकून घेतलं. शिवणकाम करणारी माणसं कापड बघतात तसं, मान किंचित तिरपी करून.

"म्हणजे तिचंच बरोबर."

"हो. तिचंच बरोबर."

"हुशार होती," आई म्हणाली. मग उठली. दाराशी थांबून म्हणाली, "एवढंच होतं, तर सांगायचं होतं तिला तुम्ही. पटलं असतं तिला हे."

आई उत्तरासाठी थांबली नाही. तिची पाळी सुरू व्हायची होती.

पुढचे दोन शुक्रवार बाई वर गेल्या नाहीत. हवेच्या बशा त्यांनी हाताखालच्या मुलीकडून ठेवून घेतल्या. मग सिस्टरचा फोन आला. "मॅडम, भोपळा डोकं खातेय. तिची बारावी कधीच वाचून झाली. म्हणते भट्टी बंद पडली का? काय सांगू?"

"कसं आहे तिचं?"

"कालचे आकडे बरे आहेत," सिस्टर म्हणाली, आणि पुढे, "पण तुम्हाला माहितीये."

बाईंना माहीत होतं. तेरावी जुडी सीलबंद पाकिटात कपाटात होती. त्यांनी ती काढली, पाकिटाचं सील तपासलं आणि त्या जिना चढल्या. वकिलाच्या खोलीत आता दुसरंच मूल होतं, झोपलेलं. काचेवर चिकटपट्टीच्या खुणा राहिल्या होत्या.

भोपळा पलंगावर मांडी घालून बसली होती. तिनं आधी पाकीट बघितलं, मग फोन उचलला.

"आणलंस?"

"आणलंय. पण आधी मला एक विचारायचंय." बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "तुला हवं असेल तर पुढे काय होतं ते मी आत्ता सांगते. सगळं, शेवटपर्यंत. नाहीतर तू वाच. तू म्हणशील तसं."

भोपळा संशयानं बघत राहिली. मोठी माणसं असं काही विचारतात तेव्हा त्यात काहीतरी असतं, हे ती या वॉर्डात शिकली होती.

"वकिलाला सांगितलं होतंस?"

"नाही."

भोपळ्यानं फोनची तार बोटाला गुंडाळली. गोल चेहऱ्यावर काय चाललंय ते कळणं कठीण होतं. मग म्हणाली, "मग मला सांग."

बाईंनी सांगितलं. भोपळा मध्ये मध्ये बोलत होती. "प्रत्येक पानावर सही?" आणि "मग बाप?" आणि "कधीच नाही?" बाई प्रत्येक वेळी खरं उत्तर देत होत्या. पंधरा-वीस मिनिटं लागली. शेवटी मुलगी होडीत बसते आणि वळून बघत नाही, तिथे बाई थांबल्या.

"संपलं," बाई म्हणाल्या.

"हं. आता दे ना ते."

"सगळं तर सांगितलं तुला."

"तू सांगितलंस," भोपळा म्हणाली. "मी कुठे वाचलंय?"

बाईंनी पाकीट पेटीत ठेवून बाहेरचं दार लावलं. आतून सिस्टरनं ते काढून दिलं. भोपळ्यानं पाकीट दातांनी फाडायला घेतलं, सिस्टर ओरडली, मग तिनं हातानं फाडलं. जुडी नाकाला लावून वास घेतला. पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागली, ओठ हलवत. एका पानावर ती बराच वेळ थांबली. मागचं पान उलटलं, तिथलं काहीतरी बघितलं, परत पुढे आली आणि तेच पुन्हा वाचलं.

बाई काचेबाहेर उभ्या होत्या. पुढे काय होणार ते मुलीला माहीत होतं, आणि ती वाचत होती. जे त्यांना एका मुलीवर तपासून बघायचं सुचलं नव्हतं, ते आता समोर होतं, अगदी स्वच्छ, शंकेला जागा नसलेलं. फोन अजून त्यांच्या कानाशीच होता.

"मॅडम," खोलीतून बाहेर आलेली सिस्टर मागून म्हणाली, "तेवढा फोन देता का? हिचे बाबा आलेत."

बाईंनी फोन त्या माणसाच्या हातात दिला आणि त्याला जागा करून दिली.